आत्याबाईंची सात काजं

पुण्यात माणसं एकमेकांना आडनावावरून ओळखतात, पेठेवरून ओळखतात, काही तर नुसत्या तुटक ‘हं’वरून ओळखतात, पण माणसाला त्याच्या काजावरून ओळखणारी बाई अख्ख्या शहरात एकच, आणि ती नेमकी माझ्या नवऱ्याची आत्या! काज म्हणजे बटण अडकवायचं भोक. आता भोकात काय एवढं, असं त्यांच्यासमोर चुकूनही म्हणू नका. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी म्हटलं होतं. “भोक उंदीर पाडतो, सुनबाई. काज माणूस करतो,” असं म्हणून त्यांनी मला जी समोर बसवली, ती संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत सोडली नाही. रेशमी दोऱ्याचा एकेक टाका, प्रत्येक टाक्याला गाठ, आणि सगळ्या गाठी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक. एका काजाला अर्धा तास! हडपसरच्या दोन खोल्यांत बसून कँपातल्या बड्या बड्या टेलरांच्या कोटांना चाळीस वर्षं त्यांनी हातानं काजं केली. मशीनच्या काजाला त्या ‘दाढी’ म्हणतात, कारण आठ दिवसांत त्याला धागे फुटतात. विहारात वंदना चालू असते, सगळ्यांचे डोळे मिटलेले, यांचा एक उघडा, शेजारच्या काकांच्या बाहीवर. वंदना संपली की ‘जय भीम’ आधी की ‘दाढी करा’ आधी, याचा नेम नाही.

एकदा आम्ही दोघी स्वारगेटहून बसनं येत होतो. समोर एक तरुण उभा. आत्याबाईंनी भर गर्दीत विचारलं, “अहो, घाईत बायकोचा शर्ट घालून आलात का?” पुरुषाचं काज डाव्या बाजूला, बाईचं उजव्या, हा नियम त्यांच्या लेखी संविधानाच्या खालोखाल! तो बिचारा लाजून लाल. शर्ट खरोखर बायकोचा निघाला, इस्त्रीच्या गठ्ठ्यात अदलाबदल झाली होती, आणि पुढच्याच थांब्यावर तो उतरून गेला. आता तर काय, हातकामाला सोन्याचा भाव आलाय. बुटिकवाल्या मुली गाड्या घेऊन दाराशी येतात, “हँडमेड, आँटी! अथेंटिक!” म्हणत फोटो काढतात. “फोटो काजाचा काढ गं,” आत्याबाई म्हणतात, “मी रेडिमेड आहे.”

अशात आमच्या मुलाचं लग्न ठरलं! विहारातलं साधंच लग्न, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. मुलासाठी बंद गळ्याचा पांढराशुभ्र कोट शिवायला टाकला, आणि आत्याबाईंनी जाहीर करून टाकलं, “काजं-बटणं माझी. दुसऱ्या कुणाची सुई लागली तर मी लग्नाला येणार नाही.” घरात कोण आनंद! मला मात्र धाकधूक. वर्षभर त्या चहात साखरेच्या जागी मीठ घालत होत्या. मोतीबिंदू पिकलाय, असं डॉक्टर घसा फोडून सांगत होते, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की यांचं एकच, “माझी बोटं बघतात.” त्यातून पांढऱ्यावर पांढरा दोरा! बरं, काजाला एकदा कात्री लागली की लागली, ते कापड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. पण चाळीस वर्षांच्या हाताला नको कोण म्हणणार? माझी तर छाती झाली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि मुलगा कोट आणायला गेलो. आत्याबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या. “घाल, घाल!” पोरानं कोट चढवला, असा राजबिंडा दिसला म्हणता! बटण लावायला गेला आणि त्याची बोटं अडखळली. बटणं डाव्या बाजूला, काजं उजव्या. सातच्या सात! कोट मांडीवर उलटा पडला होता, आणि टेलरनं डावीकडे केलेल्या फिकट खडूच्या खुणा आत्याबाईंना दिसल्याच नव्हत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, “अगंबाई, ही तर बायकांची बाजू!” आत्याबाईंनी कोटावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि मटकन कॉटवर बसल्या.

“चिल, आत्याआजी!” पोरगं म्हणालं. “मी हाच घालणार. कोण बघतंय काज? तुझ्याशिवाय कुणीसुद्धा बघत नाही.” धीर द्यायलाच म्हणाला हो तो! पण बाजू चुकल्याचं कळल्यावर उतरला नव्हता इतका त्यांचा चेहरा त्या वाक्यानं उतरला.

आणि लग्नात झालंही तसंच. विहार भरून माणसं, हजार फोटो, एकाच्याही लक्षात आलं नाही. परत येताना रिक्षात आत्याबाई म्हणाल्या, “सुनबाई, डॉक्टरांकडे ने मला.” “ऑपरेशनला मी कधीच घाबरले नाही गं. पण नीट दिसायला लागलं की गेल्या दोन वर्षांतली माझी काजं पण दिसतील. त्याची भीती होती.” मला भर रिक्षात रडू फुटलं.

ऑपरेशन छान झालं. पट्टी सुटली त्या दिवशी हडपसरच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या हुकूम, “कोट आण.” मी म्हटलं, ड्रायक्लीनला दिलाय. “खोटं बोलताना तुझी मान वाकडी होते. आता दिसतंय मला!” आमच्या घरून आणला बाई कोट. खिडकीपाशी मांडीवर घेऊन त्यांनी सातही काजं एकेक करून पाहिली. “बाजू चुकली,” शेवटी म्हणाल्या, “टाका नाही चुकला.” मी हुश्श करते तोच, “थांब. तिसरं जरा ढिलं आहे. सुई दे.” म्हटलं, आत्या, महिनाभर सुई हातात धरायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय. “मग महिनाभर कोट घालू नको म्हणावं त्याला.”

घरी येऊन कोट कपाटात ठेवताना मी त्या तिसऱ्या काजावरून बोट फिरवलं. उजेडात नेऊन पुन्हा फिरवलं. मला काही ते ढिलं लागलं नाही. आत्याबाई आहेत तोवर ठीक आहे. नंतर ते ढिलं होतं, हे कुणाला कळणार?