मिस्बाहचं झाड

झाड पिवळं पडलं की त्याला तहान लागलेली असते, यापलीकडे तिजानीला झाडाचा दुसरा आजार माहीत नव्हता. त्याच्या बापालाही नव्हता. आमच्या सूफच्या मुलखात कुणालाच नव्हता म्हणा ना. वाळवंटात जन्मलेल्या माणसाला झाडाचं आणखी काय दुखणं सुचणार?

आमची खजुराची बाग जमिनीवर नसतेच. वाळूच्या टेकड्यांमध्ये भलामोठा खळगा खणायचा, त्याला आम्ही गूत म्हणतो, आणि त्याच्या तळाशी झाडं लावायची. काठावर उभं राहिलं तर झाडांचे शेंडे आपल्या पायांच्या खाली दिसतात. पाणी घालायचा प्रश्नच नाही. झाडालाच खाली ओलाव्यापाशी नेऊन ठेवलं की त्याचं ते पितं. माणसाने फक्त वाऱ्याने आत लोटलेली वाळू टोपलीत भरायची आणि खांद्यावरून वर नेऊन टाकायची. वारा ती परत आत आणतो. तिजानीने जन्मभर हेच केलं. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. "वाऱ्याचा आणि माझा संसार आहे," तो चहा पिताना म्हणायचा, "तो पसारा घालतो, मी आवरतो." आणि बायको मबरुका तिकडून ओरडायची, "घरात कधी आवरलेलं पाहिलं नाही ते!"

हे सगळं हसणं-खिदळणं झाडं पिवळी पडायच्या आधीचं.

तिजानीच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचं झाड लावायची रीत होती. दोन मुलींची झाडं होती, मुली लग्न होऊन दूर तुगुर्तला गेल्या. तिसरं झाड मिस्बाहचं. हा एकुलता एक मुलगा सात वर्षांचा असताना त्याच गुतात विंचू चावून गेला. टेकडीच्या कुशीत त्याला पुरलं. पण आमच्याकडच्या टेकड्या एका जागी बसत नाहीत. काही वर्षांत एक टेकडी सरकत सरकत कबरस्तानावर चढली आणि मुलाची कबर तिच्या पोटात गेली. मबरुका कित्येक दिवस हातांनी वाळू उपसत होती. शेवटी तिजानीने तिला उचलून घरी आणलं. त्यानंतर तिने कबरीचं नाव काढलं नाही. दर शुक्रवारी ती गुतात उतरायची आणि मिस्बाहच्या झाडाला पाठ टेकून बसायची. मुलाचं म्हणून जगात उरलेलं तेवढंच होतं.

तेच झाड सगळ्यांत आधी पिवळं पडलं.

"तहानलंय," तिजानी म्हणाला. "पाणी खाली गेलं असणार. झाड खाली उतरवायला हवं."

हे आमच्याकडचं जुनं काम. पाणी खाली गेलं तर झाडाच्या भोवतीची आणि बुंध्याखालची वाळू जपून काढत जायची, बाजूची मुळं तोडायची, खालची राखायची, आणि अख्खं झाड हळूहळू खाली बसवायचं. तिजानीच्या बापाने अशी किती झाडं उतरवली होती. एकट्याचं काम नव्हे, म्हणून तिजानी शेजारच्या लामीनला बोलवायला गेला. लामीन म्हणजे मिस्बाह असता तर त्याच्या वयाचा, शहरात रोज सायकलवरून कामाला जाणारा.

लामीन त्याला स्वतःच्या गुताच्या काठावर घेऊन गेला. तळाशी हिरवट डबकं साचलं होतं. त्यात झाडांचे बुंधे उभे होते आणि वर डासांचे थवे.

"काका, पाणी खाली नाही गेलं. वर आलंय."

"तुझी टाकी फुटली असेल. माझ्या गुताचा तळ तर कोरडा आहे."

"माझी टाकी? एवढं पाणी माझ्या बापजन्मात कधी टाकीत होतं का? अहो, शहरात घरोघर नळ आलेत. पार पाताळातून यंत्राने पाणी ओढतात. त्याने धुतात, न्हातात, आणि ते सांडपाणी इथेच जमिनीत सोडतात. ते जाणार कुठे? सगळ्यांत खोल कोण बसलंय? आपण!"

"वाळवंटात झाडं बुडून मरतात, असं सांगतोस तू मला?"

"मी नाही सांगत. ते डबकं बघा, तेच सांगतंय."

तिजानी संतापला. त्याच्या आजोबांनी पाण्यासाठी रडून नमाज पढले होते. पाणी जास्त झालं ही तक्रार त्याच्या कानाला शिवीसारखी लागली. "दाढी पिकली माझी झाडांत," तो म्हणाला, "आणि तू सायकलवरून येऊन मला झाड शिकवतोस? नको तुझी मदत."

घरी मबरुकाने सगळं ऐकून घेतलं. "अरे माणसा, एकदा त्याचं ऐकून तर बघ. थोडं थांबू या."

"थांबू या? झाड तहानेने तडफडतंय आणि थांबू या? तू आई आहेस की कोण?"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. मबरुकाचा चेहरा उतरला. तिने डोक्याचं फडकं घट्ट बांधलं, टोपली उचलली आणि त्याच्या मागोमाग गुतात उतरली.

मग दोघंच कामाला लागली. तिजानी खणायचा, मबरुका वाळू वर न्यायची. म्हातारपणी तो चढ म्हणजे जीव काढणारा, दर खेपेला तिला मध्येच बसावं लागायचं. तिजानीने दोऱ्यांनी झाड बांधलं, बाजूची मुळं तोडली, आणि झाडाशी बोलत राहिला. "जरा धीर धर. पाजतो तुला. अजून थोडं." झाडाशी बोलत होता की मुलाशी, ते त्यालाच ठाऊक. झाड करकरत कमरभर खाली बसलं आणि त्याच क्षणी बुंध्याच्या कडेने पाणी वर आलं.

"पाणी!" तिजानी ओरडला. "मबरुका, पाणी लागलं! बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो लहान मुलासारखा चिखलात बसला, हसत सुटला. त्याने ओंजळ भरून तोंडाशी नेली.

आणि ती तशीच खाली सोडली. पाण्याला साबणाचा आणि मोरीचा वास येत होता.

मबरुका काठावरून उतरून आली. तिने चिखलात हात घातला आणि एक मूळ ओढलं. ते सहज हातात आलं, काळं, मऊ, सालीसकट सुटणारं. तिने दुसरं ओढलं. तेही तसंच. तिजानी बघत राहिला. झाड तहानलेलं नव्हतं. ते कधीपासून पाण्यात गुदमरत होतं, आणि त्याने स्वतःच्या हातांनी ते आणखी खाली दाबलं होतं. जी थोडी मुळं वर कोरड्यात धडधाकट होती, तीही त्यानेच तोडली होती.

त्यानंतर तो वेड्यासारखा वाळू आत टाकू लागला. जन्मभर बाहेर काढलेली वाळू तो टोपल्या भरभरून खाली ओतत होता, आणि प्रत्येक टोपली पाण्यात चिखल होऊन बसत होती. "लामीनला बोलाव," तो मबरुकाला म्हणाला. "मी त्याचे पाय धरतो." लामीन आला, पण त्याने पाय धरू दिले नाहीत. दोघांनी दोऱ्या ओढल्या, टेकू लावले. झाड वर येण्याच्या पलीकडे गेलं होतं. दोन दिवसांनी भर दुपारी वारा सुटला आणि मिस्बाहचं झाड सावकाश कलून डबक्यात आडवं झालं.

झाड पडलं की त्याच दिवशी त्याचा गाभा काढायचा असतो, नाहीतर आंबतो. शेंड्याच्या आत पांढराशुभ्र, कुरकुरीत, दुधाळ चवीचा गाभा असतो. शेजारीपाजारी वाटून खातात. मेलेल्या झाडाचा मान असतो तो. लामीन कुऱ्हाड घेऊन खाली उतरला, पण घाव घालायला त्याचा हात उचलेना.

"काका, राहू द्यायचं का?"

"काढ," मबरुका म्हणाली.

त्याने गाभा काढला, धुतला आणि पहिला तुकडा रिवाजाप्रमाणे तिजानीपुढे धरला. तिजानीने मान फिरवली. काठावर शेजारणी आपापली भांडी घेऊन उभ्या होत्या. मबरुकाने लामीनच्या हातातून सगळा गाभा ओढून घेतला आणि ओच्यात घेऊन वाळूवर बसली.

"कुणाला मिळणार नाही," ती वर बघून म्हणाली. "घरी जा सगळ्या. हा माझा आहे."

बायका गेल्या. लामीनही कुऱ्हाड तिथेच टाकून चढ चढून गेला. मबरुका एकेक तुकडा तोडून चावत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जबडा थांबत नव्हता.

"पुरे कर," तिजानी म्हणाला. "मबरुका, पुरे. मला बघवत नाही."

तिने उरलेला तुकडा त्याच्यापुढे धरला.

"मी टोपल्या वाहिल्या, म्हणून मी खाल्लं," ती म्हणाली. "तू खणलंस. तूही खा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हात मागे घेत नव्हती. तिजानीने तुकडा घेतला, तोंडात घातला आणि चावू लागला. तो गोड होता, आणि तेच त्याला सहन होईना.