सिंदफणा मागे सरली ते पाऊण मिनिट

सुरुवातीलाच एक विनंती... खाली हात जोडलेल्या इमोजी टाकू नका. 'सगळी देवाची कृपा' वगैरेही लिहू नका. ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय, आणि हे लिहितेय तेही त्याच रागात.

मी ज्योती, वय अडतीस. अंबाजोगाईला एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. उतारे, अमावस्या, अंगात येणं यातलं काहीही मी कधी मानलं नाही. घरात कुणी दृष्ट काढायला लागलं की त्यांच्या मुठीतल्या मीठ-मोहऱ्या काढून घेणारी बाई मी. सासूबाई अजून त्यावरून टोमणे मारतात.

पाण्याचं मात्र मला कळतं. लग्नाआधी उत्तरेत जाऊन राफ्टिंगचा कोर्स केला, दोन सीझन तिथे कामही केलं. माहेर वडवणीचं, त्यामुळे तिकडे सगळे हसायचे, की जिथं प्यायला टँकर येतो तिथली पोरगी नदीत काय करते!

आमची सिंदफणा तर तुम्हाला माहीतच असेल. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पण गेल्या वर्षी परतीच्या पावसाने असं झोडपलं की नदी दोन आठवडे भरून वाहत होती. ते बघून आमच्याकडच्या एका पुढाऱ्याच्या डोक्यात कल्पना आली – रिव्हर राफ्टिंग मोहीम. तीन दिवस, दोन मुक्काम. शिरूर कासारच्या खालून निघायचं आणि माजलगाव धरणाच्या फुगवट्यात उतरायचं. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना भैय्यासाहेब म्हणतात, आणि जिल्ह्यात भैय्यासाहेब पोत्याने आहेत, तेव्हा कुणी अंगावर ओढून घेऊ नये.

मला 'टेक्निकल' म्हणून बोलावलं. मी हो म्हणाले, कारण आपल्या नदीवर राफ्ट उतरणार याचा मलाही हुरूप आला होता. माझा धाकटा भाऊ संदीपही आला. वडवणीत त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. पोहता येतं म्हणायचा. विहिरीत येतं, एवढंच.

पहिले दोन दिवस, खोटं कशाला बोलू, सुंदर गेले. दोन राफ्ट, एकेकीत पाच माणसं. खडकाळ पट्ट्यात पाणी फेसाळत होतं, बाभळी अर्ध्या बुडालेल्या. तासन्‌तास माणूस दिसायचा नाही... फक्त बगळे आणि वाहून आलेले कडब्याचे भारे. संदीप प्रत्येक उसळीला ओरडायचा, "ताई, हे तर लई भारी हाय!"

दुसऱ्या दिवशीचा मुक्काम नदीकाठच्या एका गावात होता. गावाच्या खाली जुना बंधारा आहे. तिथे किसनमामा भेटले. जातीने भोई, पन्नाशी ओलांडलेले, अंगात फक्त बंडी. ते अजून सांगड वापरायचे – म्हणजे वाळलेले मोठे भोपळे दोरीत ओवून पाठीला बांधायचे आणि त्यांच्या आधाराने भरल्या नदीत उतरायचं. माझं लाईफ जॅकेट त्यांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "बरं हाय. पर भोपळा फुटत न्हाई."

मग बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, उद्या बंधाऱ्यावरून जाऊ नका. मधल्या तीन गाळ्यांच्या प्लेटा औंदा काढल्याच न्हाईत. वरून पानी सपाट दिसतंय, पर खाली जात्यावानी फिरतंया. आत गेलेलं बाहीर येत न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बंधाऱ्याच्या गाळ्यांना पाणी अडवायला लोखंडी प्लेटा लावतात. पावसाळ्याआधी त्या काढायच्या असतात. ज्याचं काम होतं त्याने काढल्या नाहीत. मग पूर त्या प्लेटांवरून खाली पडतो, आणि पायथ्याशी पडलेलं पाणी उलटं फिरून पुन्हा प्लेटांकडेच येतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, खाली जातो, वर येतो... जॅकेट असलं तरी. कोर्समध्ये आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं की धबधब्याला भिऊ नका, असल्या सपाट बंधाऱ्याला भ्या.

मी तडक भैय्यासाहेबांकडे गेले. बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे उतरायचं, राफ्ट डोक्यावर घेऊन डाव्या काठाने चालत जायचं आणि खाली पुन्हा पाण्यात टाकायची, असं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." किसनमामांच्या खांद्यावर हात ठेवून, चार माणसांसमोर म्हणाले, "मामा, शब्द दिला."

त्या संध्याकाळी दिवस मावळता मामा जाळं बघायला नदीत उतरले होते. त्यांची बायको, गयामामी, खण-नारळ घेऊन काठावर आली. तिने नदीची ओटी भरली, पदर खोचला आणि जी बोलायला लागली! "मागं सर गं बाई! लई माजलीस! माज्या मानसाला वाट दी! सर, सर मागं!" जावेशी भांडावं तसं, दम न घेता. मामा काठाला लागून धोतर पिळायला लागले, तेव्हा कुठे तिने तोंड मिटलं.

मला हसू आवरेना. मी विचारलं, "मामी, ऐकते का ती?"

"ऐकंल न्हाई तर जाईल कुटं? तिला बी कुनीतरी बोलाय लागतंय." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "हसू नगं पोरी. आमच्या सासूनं शिकिवलंय. मानूस पान्यात असला की बाईनं काठावर बोलत ऱ्हायाचं. एकदा तोंड उघडलं की मिटायचं न्हाई, शेवटचा मानूस वर येस्तोवर. मधीच गप बसलं की तिला वाटतं, झालं हिचं."

गावातल्या सगळ्या भोयांच्या घरी ही रीत आहे म्हणे. मी मान डोलावली आणि तंबूत जाऊन संदीपला नक्कल करून दाखवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामी वडवणीच्या बाजाराला निघाली. तिचा पाय निघत नव्हता. मामाच म्हणाले, "आज बंधाऱ्यापाशी कुनी पान्यात उतरायचं न्हाई, शब्द दिलाय त्यांनी. तू कावून थांबतीस?" ती जीपमध्ये बसून गेली. हे वाक्य लिहिताना आजही माझा संताप होतो.

ठरल्याप्रमाणे मी माझी राफ्ट डाव्या काठाला लावली. पुढच्या राफ्टमध्ये संदीप आणि भैय्यासाहेबांचे चार दोस्त होते. भैय्यासाहेब स्वतः बंधाऱ्याच्या टोकाला ड्रोनवाल्याला घेऊन उभे होते, कोरडे ठणठणीत, गॉगल लावून. आणि त्यांनी हात हलवला. "सरळ घ्या! सरळ! काय शॉट येतोय बे!"

मी शिट्टी फुंकली. फुंकतच राहिले. राफ्ट सरळ गेली.

मधल्या गाळ्यावरून ती खाली पडली, दुमडली आणि उलटली. चौघे बाजूच्या धारेत फेकले गेले आणि खालच्या बाभळींना जाऊन अडकले. संदीप नाही. त्याचं नारिंगी जॅकेट प्लेटांच्या पायथ्याशी वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं... मी खालच्या अंगाला धावले आणि दोर फेकला. दोनदा. दोन्ही वेळा कमी पडला. पाण्याचा आवाज इतका होता की शेजारचा माणूस काय ओरडतोय ते कळत नव्हतं.

किसनमामांनी भोपळे कधी बांधले मी पाहिलंच नाही. मी "मामा, नको!" म्हणेपर्यंत ते उडी टाकून गेले होते. त्यांनी संदीपला गाठलं, कमरेला धरलं, आणि मग दोघेही फिरायला लागले.

त्या क्षणी मी देवाचं नाव घेतलं नाही. मला राग आला होता. गॉगलवाल्याचा, प्लेटा न काढणाऱ्याचा, माझा स्वतःचा आणि सगळ्यात जास्त त्या नदीचा. अख्खा उन्हाळा कोरडी पडतेस आणि आज माज आला तुला? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मागं सर! सर मागं! सोड त्याला, माझा भाऊ आहे तो! मागं सर गं!" मधल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत.

आणि ती मागे सरली.

कसं सांगू... परात कलंडली की पाणी एका बाजूला जातं, तसं. प्लेटांवरून येणारी धार पातळ होत होत थांबली. प्लेटांवरचा गंज दिसला. पायथ्याचं काँक्रीट उघडं पडलं, त्यावर शेवाळ, एक चप्पल अडकलेली. आणि आवाज गेला. पार गेला. समोरच्या काठाच्या भिंतीवर आपटून परत येणारा माझाच आवाज मला ऐकू येत होता. मी ओरडायची थांबले नाही. संदीप त्या काँक्रीटवर गुडघ्यांवर रांगत होता, मामा मागून त्याला ढकलत होते. मी काठाच्या भिंतीवरून कमरेपर्यंत खाली वाकले. संदीपने माझा हात धरला, मी त्याला वर ओढलं आणि छातीशी धरलं.

"आलास रे... आलास..." एवढंच पुटपुटले.

मागे आवाज परत आला. मामा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, मान वळवून प्लेटांकडे बघत होते. मग पाणीच पाणी.

भोपळे दुसऱ्या दिवशी बाभळीत सापडले, एकही फुटलेला नव्हता. मामा त्यानंतर एका दिवसाने फुगवट्यात सापडले.

आता पुढचं ऐका. भैय्यासाहेबांनी भाषण केलं, की मोहिमेच्या सुरुवातीला आपण नारळ वाढवला होता म्हणून पाच जण वाचले. बंधाऱ्यावर शेंदूर फासलेला दगड बसवला. मामांच्या फोटोचा बॅनर लागला, खाली लिहिलं होतं 'जलसमाधी'. बुडवून मारलेल्या माणसाला जलसमाधी म्हणतात ही माणसं! प्लेटा चार दिवसांत गुपचूप निघाल्या. मी तीन ठिकाणी लेखी तक्रार दिली. सगळीकडे एकच उत्तर: मॅडम, तिथं चमत्कार झाला, तुम्ही स्वतः पाहिलात, मग तक्रार कसली?

हेच मला सहन होत नाही. मी जे पाहिलं ते त्यांनी त्यांच्या पांघरुणासाठी वापरलं.

ड्रोनचं चित्रण मागूनही मिळालं नाही. माझ्या राफ्टमधल्या एकाने काठावरून मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मात्र आहे. भैय्यासाहेबांनी त्यावर भक्तिगीत चढवून रील केलं. मूळ क्लिप संदीपकडे आहे. त्यात माझी पाठ आडवी आलीय, पाणी दिसतच नाही. पण आवाज आहे. आधी नदीची गर्जना. मग माझं ओरडणं सुरू होतं आणि गर्जना संपते. पाऊण मिनिट फक्त माझा आवाज, मागे कुठेतरी एक टिटवी. मग मी गप्प होते आणि गर्जना परत येते. माझे कान बंद झाले असं म्हणावं, तर फोनच्या कानांना काय झालं होतं?

मी शोधलं, खूप शोधलं. वर कुठे झाडं अडकून पाणी तुंबलं असेल? वरच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं. पाणी बोटभरही हललं नव्हतं. ओळखीच्या इंजिनिअरला क्लिप ऐकवली. त्याने दोनदा ऐकली आणि चहा मागवला.

तेराव्याला मी मामीकडे गेले. संदीप दारापर्यंत आला, आत यायची त्याची हिंमत झाली नाही. भोपळे खुंटीला टांगलेले होते.

मामी म्हणाली, "तू वरडत व्हतीस म्हनं."

"हो, मामी."

"सरली?"

"सरली."

"मंग गप कावून झालीस?"

मी म्हणाले, "संदीप वर आला होता."

तिने खुंटीवरचे भोपळे सारखे केले. "दोन जन व्हते आत, पोरी," ती म्हणाली. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

नदी का सरली, माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, पण मेहरबानी करून चमत्कार म्हणू नका. चमत्कार म्हटलं की प्लेटांचं कुणी विचारत नाही, आणि मी का थांबले हेही कुणी विचारत नाही.

यंदा सिंदफणा पुन्हा भरली. मी संदीपला घेऊन तिथे गेले. शेंदराच्या दगडाला हार घातलेले होते. मी त्याच जागी उभी राहिले आणि ओरडायला लागले. पाणी तसूभरही हललं नाही. कसं हलेल, आत कुणी नव्हतं. तरी मी थांबले नाही. संदीपने दंडाला धरून गाडीत बसवलं, काचा वर केल्या, गाडी वडवणीच्या रस्त्याला लागली, तेव्हाही माझं तोंड चालूच होतं.