जीप उंच केली, पण आई चढेना

गाडीवाल्यांनो, आज दुपारचीच गोष्ट.

बाबांची जुनी जीप मी उंच करून घेतली, चिखलाचे मोठे टायर टाकले. रोज आसगाव ते पवनी तिनंच जातो.

आज आमच्या वावरात रोवणा, म्हणजे धानाची लावणी होती. वावराकडं जाणाऱ्या पांदणीच्या चिखलात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर फसला, अन् तिकडं रोवण्याच्या बाया जेवणाची वाट पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, आज आपल्या जीपचा दिवस आहे.

डबे ठेवले. आई मात्र चढेना, पायच पोचत नव्हता. मी घरातून धान मोजायची पायली आणून उपडी ठेवली. "दे पाय."

आई मागं सरली. "लक्ष्मीवर पाय देऊ का रे? तुले काही समजते का नाही?"

शेवटी मी गुडघा टेकला. माझ्या मांडीवर पाय देऊन ती चढली.

जीप ट्रॅक्टरच्या बाजूनं सरळ निघाली, ट्रॅक्टरवाला पाहतच राहिला. बाया पोटभर जेवल्या.

परतताना आई म्हणाली, "गाडी झकास केली. आता माणसं चढतीन अशी कर."

सध्या वेल्डिंगच्या दुकानात बसून पायरी लावून घेऊन राहिलो.

तुम्ही गाडी उंच केली, तेव्हा घरातल्या कोणाले आधी चढवून पाहिलं?