भिंतीवरचा तांदूळ

वेठबिगारीविरुद्ध तालुक्याची मोहीम आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण संघटनेत पत्रकं मी लिहायचे. भिवंडीत लूमच्या कारखान्यावरची माळ्याची खोली हे आमचं ऑफिस. खाली शिफ्ट सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि माझं अक्षरही. ठरलं होतं ते असं: पाड्यांवर जाऊन वेठबिगार शोधायचे, प्रांतसाहेबांकडे अर्ज करायचे, मुक्तीचे आदेश मिळवायचे आणि त्यावरून जिल्ह्यासाठी आराखडा लिहून द्यायचा. कायदा होऊन दहाएक वर्षं झाली होती. मला वाटायचं, आता लोकांना तेवढं सांगायचं राहिलंय.

सुरुवातीला एकही वेठबिगार सापडला नाही. मी विचारायचे, "तुम्ही बांधलेले आहात का?" माणसं एकमेकांकडे बघून हसायची. "बांधाया आमी काय बैल हाय, ताय?"

अकलोलीच्या पलीकडे वारल्यांचा एक पाडा होता. तिथली एक बाई मी दोनतीनदा शेटच्या अंगणात पाहिली होती. कधी शेण काढताना, कधी भात कांडताना. नवरा त्याच शेटच्या शेतावर. मी तिला तोच प्रश्न विचारला.

"न्हाय ग. बांधलेली न्हाय," ती म्हणाली. "माजं लगीन हाय शेटकडं."

मग तिने उलगडून सांगितलं. तिच्या लग्नाला शेटने तांदूळ दिला, लुगडं दिलं, वऱ्हाडाला ताडी पाजली. त्या दिवसापासून नवराबायको दोघं शेटची. कुठवर? "जीव हाय तवर." एसटीचा थांबा किती लांब आहे हे सांगावं, तशा आवाजात.

माझं डोकंच फिरलं. तिच्या दारात उभं राहून मी घटना, माणुसकी, कायद्याची कलमं असं सगळं तिला ऐकवलं. ती तांदूळ पाखडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तू जेवलीस का?"

जेवताना तिने खरी गोष्ट सांगितली. होळीनंतर तिच्या मुलीचं लग्न होतं. मुलगा शेजारच्या पाड्यावरचा, दोघांचं जमलेलं. आणि शेटचा निरोप आला होता: तांदूळ पाठवतो, काळजी करू नका.

"पोर देणार न्हाय मी त्याला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातातला घास तसाच राहिला होता.

वारल्यांच्या लग्नात झोपडीच्या भिंतीवर चौक लिहितात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो रेखतात आणि लग्न लावणारी बाई, धवलेरी, त्याच्यापुढे गाते. चौकाशिवाय लग्न नाही. मुलीच्या आईच्या मते सगळं त्या पिठावर होतं. भिंतीवर शेटचा तांदूळ चढला की पोरगी आणि जावई शेटचे. पाड्यात जो काही तांदूळ होता तो शेटच्याच खळ्यावरून मापून आलेला. मग घरचा तरी कुठला घालायचा?

मी म्हटलं, आपण अर्ज करू. केला. प्रांतसाहेबांनी चहा पाजला आणि नीट ऐकून घेतलं. आईबापांची चौकशी लावतो, वेळ लागेल, म्हणाले. मुलीचं विचारल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, जी अजून बांधलीच गेली नाही, तिला मी सोडवू कशी?"

कचेरीचा जिना मी दाणदाण पाय आपटत उतरले. चिडायला समोर कोणी नव्हतं. तो माणूस बरोबर बोलत होता, हाच तर संताप. बांधलेल्याला सोडवायचा कायदा होता. उद्या बांधली जाणार आहे तिच्यासाठी कागदावर एक ओळ नव्हती.

हे पाड्यावर सांगितलं तर मुलीची आई म्हणाली, "तुजा कागद येल तवा येल. तू तांदूल आन. जो शेटला म्हाईत न्हाय असा."

मी बिशीत जेवायचे. बिशी म्हणजे लूमवाल्यांची खानावळ. ही चालवणारी मौशी तेलंगणातून आलेली. तिला म्हटलं, "मौशी, लग्नाला तांदूळ पाहिजे."

"तुझं लगीन? कोन मिळाला बाबा, बहिरा हाय का?"

बिशीभर हशा. मी सगळं सांगितलं. तशी ती पळी भांड्यावर आपटून जेवणाऱ्यांना ओरडली, "सुनो रे! ह्या शुक्रवारी भात बंद. सगळे रोटी खाणार. तांदूळ एका पोरीच्या शादीला जाणार."

शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे त्या दिवशी सगळे पोटभर जेवायचे. उत्तरेकडचा एक विणकर म्हणाला, "हमारा क्या जाता है, हम तो वैसे भी रोटीवाले हैं." तेलंगणातल्या एकाने कपाळाला हात लावला. "आणि आम्ही?"

"तू उपास कर," मौशी म्हणाली. "पोट बघ, लूमला अडकंल एक दिवस."

कुणी नाही म्हटलं नाही. पोतं वज्रेश्वरीच्या एसटीत चढवलं तर कंडक्टर म्हणाला, "वज्रेश्वरीला नवस फेडायला जातात बाई, दुकान काढायला नाय."

लग्नाच्या दिवशी मी भिंतीसमोर बसले होते. पाटावर वाटलेलं ते पांढरं पीठ. बिशीतला जाडाभरडा तांदूळ तो, पण गेरूने सारवलेल्या भिंतीवर चढला आणि मला नजर हलवता येईना. आधी चौकट, तिच्या कडेला बारीक नक्षीच्या ओळीवर ओळी, मधे देवी. मग झाडं, तारपा वाजवणारा, ताडावर चढणारा माणूस. चार बायका, चार काड्या, एक शब्द नाही. मी आयुष्यात इतके कागद भरले होते, पण भिंत अशी भरताना पाहिली नव्हती.

धवलेरीचं गाणं सुरू झालं आणि बाहेर बैलगाडी थांबली. गाडीत पोती. मागून बुलेटवर शेट.

तो आत वाकून भिंतीकडे बघत राहिला.  धवलेरी गात होती, ती थांबली नाही.

"तांदूळ कुणाचा हा?" शेटने विचारलं.

माझ्या जिभेवर कायद्याचं कलम तयार होतं. तेवढ्यात आई उठली. शेटसमोर ती कधी मान वर करून उभी राहिली नव्हती, हे मला नंतर कळलं.

"पोरीचा," ती म्हणाली.

"अन् माझा दारात उभा हाय तो?"

"न्या परत, शेट. भिंत भरली."

शेटचा चेहरा लालभडक झाला. त्याने घरातल्या एकेकाकडे बोट दाखवलं. "उद्यापासून ह्या घरातलं कुनी माझ्या अंगणात पाय ठेवायचा न्हाय! समजलं?"

याहून मोठी धमकी त्याच्याकडे नव्हती. मागे कुठलीशी म्हातारी खुदकन हसली. तिचं बघून दुसरी. मग अख्खा मांडव. जो आदेश मिळवायला मी कचेरीचे जिने झिजवत होते, तो शेटने स्वतःच्या तोंडाने, सगळ्या पाड्यासमोर, फुकट दिला होता. बुलेट धुरळा उडवत गेली. गाडीवान गाडीपाशी उभा राहिला. त्याचंही लग्न शेटकडेच. त्याने बैल सोडले, झाडाला बांधले आणि पंगतीत येऊन बसला.

आईबापांच्या मुक्तीचा कागद पुढे यथावकाश आला. जावयाला नंतर दापोड्याला गोदामात हमाली मिळाली; तीही काही सुखाची नोकरी नव्हती, पण पगार हातात यायचा आणि सोडता यायची. जिल्ह्याच्या आराखड्यात मी पहिलंच कलम घातलं: दर पाड्यावर लग्नाच्या तांदळाची पाड्याच्या मालकीची कणगी. बैठकीत एकजण म्हणाला, "हे धोरण आहे की मुदपाकखाना?" मी म्हटलं, तुम्ही लोकांना बांधल्यावर सोडवा, आम्ही आधी जेवू घालतो. कलम राहिलं.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी त्याच घरात झोपले होते. उजाडायच्या आत आई सवयीने उठली, पदर खोचला, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तिकडून शेटच्या अंगणातून कुणीतरी हाक मारली, नेहमीसारखी. ती उंबऱ्यावर बसली. पाठवणी अजून व्हायची होती; चौकाखाली नवी नवरी गाढ झोपली होती, तोंड उघडं, हळद उशीला लागलेली. ऊन भिंतीवर चढून देवीपर्यंत आलं तरी जाग नाही.

मी हलवायला हात पुढे केला.

"नको," आई म्हणाली. "तिला कदी बघितली न्हाय अशी झोपल्याली."

मग आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो.