बारवेच्या लेखाला मी दिलेला 'क'

मासिकात वाचकांचे विचित्र अनुभव येतात, ते पान मी सगळ्यात आधी वाचते. वाचून हसायचे. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या तेव्हाही तोंड फिरवून हसायचे. अंगात येणं, झपाटणं, असलं मी कधी मानलं नाही, आणि आज कुणी विचारलं तरी नाहीच म्हणेन. पण ही गोष्ट माझ्याच तोंडून घडली, त्यामुळं दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. ही वही मी अजून कुणाला दाखवलेली नाही. त्या पानाला पाठवीन की नाही, तेही ठरत नाही... लिहून तरी बघते.

बीडला बसस्टँडपासून दहा मिनिटांवर एका गल्लीत सरांचं घर होतं. सर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. मी त्यांच्याकडं सकाळचा स्वयंपाक करायचे. नव्वद सालानंतरची वर्षं ती. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ नुकताच निघाला होता, आणि केबलवाला एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वायरी ओढत फिरत होता.

सरांनी एक मोठं काम काढलं होतं – जिल्ह्यातल्या जुन्या जागांचा कोश. देवळं, गढ्या, दर्गे, बारवा. बारव म्हणजे आत उतरायला पायऱ्या असलेली जुनी दगडी विहीर. लेख सरांनी लिहायचे नाहीत, गावोगावच्या लोकांनी लिहायचे. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं त्यात भर घालायची, तिसऱ्यानं चुका काढायच्या. असे हातोहात फिरून कागद सरांकडं यायचे आणि सर ग्रेड द्यायचे – अ, ब, नाहीतर क. क म्हणजे पुस्तकात नाही.

एक दिवस सर म्हणाले, "सुमन, हे वाच बरं." माझे हात पिठाचे. आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती, त्यामुळं माझं शिक्षणही तेवढंच. पदराला हात पुसून हळूहळू वाचलं.

"कळलं?"

"थोडं थोडं."

"कुठलं न्हाई कळलं?"

मी बोट ठेवून दाखवलं. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली. तेव्हापासून त्यांनी नियमच केला. चौथी शिकलेल्या माणसाला कळला नाही, तर तो लेख गावात कुणालाच कळणार नाही. प्रत्येक लेखाला एक चिठ्ठी टाचायची, तिच्यावर मी 'कळलं' किंवा 'नाही कळलं' लिहायचं आणि खाली सही करायची. नाही कळलं, तर सरळ क. मला फार लाज वाटायची. पण खरं सांगते, त्याआधी मला कुणी काही विचारलंच नव्हतं. भाजी कुठली करू, हे पण घरात मीच विचारायचे.

मग सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायला बंदी. लेख मी मोठ्यानं वाचून दाखवू लागले.

त्यातच नेकनूरच्या पुढच्या एका गावाहून बारवेचा लेख आला. तिथल्या शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेला. पहिलंच वाक्य असं – "सदर वापी चतुष्कोणी असून तिचे सोपानमार्ग तीन दिशांस आहेत." तीन वेळा वाचलं. चिठ्ठीवर 'नाही कळलं' लिहिलं. सर हसले, "गुरुजींनी गावासाठी लिहिलंय का पंडितांसाठी?" आणि वर क टाकला.

आठ दिवसांनी गुरुजी स्वतःच आले. धोतराला चिखल, हातात टोपी. उंबऱ्यातूनच बोलायला लागले.

"सर, सरपंच बारव बुजवायलेत. रस्त्याच्या कडंला हाय ना ती. तिथं कॉम्प्लेक्स काढायचंय – एसटीडी, कॅसेटचं दुकान, लई मोठी सपनं. दोन ट्रॉल्या मलबा टाकला पण."

"मग अर्ज करा."

"तहसिलीत करून आलो. साहेब म्हणले, जुनी हाय तर कुठं नोंद हाय का? म्हणलं, कोशात येणार हाय. ते म्हणले, कोशाची यादी दाखवा, उद्याच्या उद्या काम थांबवतो. आन् घरी जाऊन बघतो तर लेख परत आलेला, वर क! कावून सर? कुणी दिला?"

सरांनी पट्टी बांधलेला चेहरा स्वयंपाकघराकडं वळवला. मी दाराआड झाले.

"ह्या बाईंनी? पोळ्या करणाऱ्या?"

"हो. आणि बरोबर दिलाय."

"बाई, तुमीच सांगा, काय कळलं न्हाई?"

मी दाराआडूनच म्हटलं, "सगळंच."

गुरुजी खाली बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज एकदम उतरला. "खरं हाय त्यांचं. मी कधी आत उतरलोच न्हाई सर. गाळ, बाभळी... मोठेमोठे शब्द घालून भरून काढलं."

"साधं लिहून आणा. पुढच्या गुरुवारी यादी छापखान्यात जाते," सर म्हणाले. गुरुजी मान हलवून गेले. आत उतरून बघतो असं काही म्हणाले नाहीत.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमटीत दोनदा मीठ पडलं. धुतलेली भांडी परत धुतली. माझ्या एका सहीनं अख्खी विहीर बुजते, हे डोक्यातून जाईना. नवरा म्हणाला, "टेन्शन कशाला घेतीस? सोड की ते वाचायचं काम." सोडवतही नव्हतं.

गुरुजी येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आप्पा आले. आप्पा म्हणजे मोंढ्यातले किराणा दुकानदार, लिंगायत, दरवर्षी कपिलधारला जाणारे. कपिलधारचा लेख त्यांनीच लिहिला होता. निळ्या शाईत, लांब लांब काने ओढलेलं अक्षर. खुर्चीत मांडी घालून बसले.

"वाच गं सुमन. जरा ठसक्यात वाच, लई मेहनत केलीय."

मी ओळीखाली बोट ठेवलं. धबधबा झाला, देऊळ झालं, यात्रेची गर्दी झाली. मी वाचत होते...

"थांब, थांब. ए बाई! हे कुणी लिवलं?"

"तुमीच की आप्पा."

"मी? 'पश्चिमेच्या देवळीत दगडात कोरलेला पाळणा आहे, पाळण्यात मूल नाही' – कपिलधारला कुठनं आला पाळणा?" त्यांनी कागद हिसकला. लांब धरला, जवळ धरला, उलटा केला. "न्हाई इथं असलं काही."

सर शांतपणे म्हणाले, "आप्पा, मीही ऐकलं."

"अहो ऐकलं ते मी पण! पण कागदावर न्हाई ना!"

मी वाकून बघितलं. खरंच नव्हतं. मी मनानं काही बोलले नव्हते हो. आप्पांच्या निळ्या शाईत, त्यांच्याच लांब कान्यांत ती ओळ मला दिसली होती. तिच्याखाली माझं बोट होतं.

"रात्री झोपली न्हाई वाटतं," आप्पा हसले. पुढचा सगळा लेख मी न चुकता वाचला. 

दोन दिवसांनी घाटनांदूरकडचा लेख होता, शेतातल्या एका देवळाचा. फक्त सर आणि मी. उन्हं अंगणात आली होती. मी सावकाश, एकेक अक्षर बघत वाचत होते. सरांनी हात वर केला.

"सुमन, देवळात घागरी कशाला टेकवतील?"

"म्हंजे?"

"तू आता वाचलंस. उजव्या भिंतीत घागरी टेकायला सात खळगे आहेत. शेवटच्या पायरीवर, जिनं हे पाणी बांधलं तिचं नाव आहे. नागाई."

कागद माझ्या हातातून पडला. उचलून शोधलं. ना घागरी, ना नागाई.

सर म्हणाले, "पाणी बांधलं... म्हणजे बारवच. आपल्याकडं बारवेचा लेख एकच आलाय. तू ती बारव बघितलीस कधी?"

"न्हाई हो सर. त्या अंगाला मी कधी गेलेच न्हाई. माहेरची आमची मेंढरं पण चरायला तिकडं जात नव्हती."

"कुणाकडून ऐकलं असशील लहानपणी."

पुढं मी आईला विचारलं. तिला त्या गावाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

आप्पांना कळल्यावर ते लगेच तयार. "चला, बारव बघून येऊ. पाळणा नसला तर हिला कपिलधारच्या धबधब्याखाली उभी करू. आन् असला तर समजा, हिनं क दिला म्हणून बारव लागलीय हिच्या मागं!" सगळे हसले. मी नाही हसले.

सोमवारी बसनं नेकनूरला गेलो, तिथून जीपनं. सरांचा हात आप्पांनी धरला होता. बारव रस्त्याला लागूनच. एका बाजूनं विटांचे तुकडे, माती, डांबराची ढेकळं असा मलबा उताराला सुटला होता. पांढऱ्या कपड्यांतले सरपंच हसत पुढं आले.

"या या सर. पाणी प्यायला आलाव का? ह्यात तर माझ्या आज्याच्या काळापासून पाणी न्हाई. आन् ह्या बाई कोण?"

"ह्या तपासनीस हायेत," आप्पा म्हणाले. मी पदर आणखी पुढं ओढला.

गुरुजी कोयता घेऊन बाभळी तोडत आत उतरले. मी वरच राहिले. पाय एका जागी ठरेनात, काठानं नुसती फिरत होते. पश्चिमेच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, हातभर गाळ होता. मागचा दगड चुन्याच्या थरानं सपाट झालेला. त्यावर काही असेल असं कुणाला वाटलं नसतं. गुरुजी कोयत्याच्या पाठीनं खरडत राहिले. खरडण्याचा आवाज थांबला. 

"गुरुजी?" सरांनी वरून हाक मारली.

"पाळणा हाय सर." आवाज वेगळाच येत होता. "रिकामा हाय."

सरपंचांचं हसू गेलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

उजव्या भिंतीत खळगे निघाले. पाच मोजता आले, पुढची भिंत मलब्यात गेली होती. आणि शेवटची पायरी... "खालच्या दहा-बारा पायऱ्या गेल्या सर ह्याच्याखाली."

"हा मलबा काढा की," सर सरपंचांना म्हणाले.

"टाकणं थांबवा म्हणत असाल तर कागद आणा, थांबवतो. पण टाकलेला उपसायला ट्रॅक्टर कोण देतंय सर?"

बुधवारी गुरुजी नवा लेख घेऊन आले. मी वाचला. इतका सोपा की स्वयंपाक करता करता ऐकला तरी कळावा. तीन बाजूंनी पायऱ्या आहेत. कोनाड्यात रिकामा पाळणा कोरला आहे. घागरी टेकायला खळगे आहेत, पाच दिसतात. आणि शेवटी – 'ही बारव कोणी बांधली ते कुणालाच माहीत नाही.'

मी तिथंच थांबले. "सर... ही ओळ."

"हं."

"नाव घालता येत न्हाई?"

"कुणी पाहिलंय ते?"

मी लेख खाली ठेवला.

"पाळणा दिसला, घेतला. नाव दिसलं न्हाई. उद्या कुणी विचारलं, कुठून आणलं, तर काय सांगू? स्वयंपाकाच्या बाईंनी घाटनांदूरच्या लेखात वाचलं?"

"मग ती ओळच काढा."

"काढली तर लेख अपुरा. बांधली कुणी, हे सगळ्यात आधी विचारतात लोक."

 गुरुजी नुसती टोपी फिरवत होते हातात. चिठ्ठी माझ्यासमोर. सही नाही केली तर क, उद्या यादी जाणार, आणि परवा पुन्हा ट्रॉल्या. सही केली तर बारव वाचणार... आणि कुणालाच माहीत नाही, हे मी पास करणार. मी आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. चहा उतू गेला.

सर म्हणाले, "सुमन, चिठ्ठीवर खरं का खोटं, हे विचारलेलंच न्हाई. कळलं का, एवढंच विचारलंय."

कळलं तर होतंच. शब्दन् शब्द कळला होता. मी 'कळलं' लिहिलं आणि खाली सही केली. गुरुजींनी टोपीनं डोळे पुसले. सरांनी लेखाला ब दिला.

काम थांबलं. कॉम्प्लेक्स रस्त्याच्या पलीकडं झालं. बारव आहे अजून, अर्धी मलब्यात. त्यानंतर मी सरांना कितीतरी लेख वाचून दाखवले, एकदाही असं झालं नाही. आप्पा मुद्दाम येऊन बसायचे, "बघू आज काय निघतंय." काही निघालं नाही. सर शेवटपर्यंत म्हणत राहिले की कुठंतरी ऐकलेलं मनात राहिलं असेल. पण तो पाळणा चुन्याखाली कधी गेला, हे गावात कुणाला आठवत नव्हतं. मी ऐकणार कुणाकडून?

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी बाजारात भेटले. पार थकलेत. म्हणाले, "बाई, मलबा काढायचं ठरायलंय. तळापर्यंत." त्यांना फार आनंद झाला होता. मी बरं म्हणाले आणि घरी येऊन किती वेळ नुसत्या येरझाऱ्या घातल्या. शेवटच्या पायरीवर नाव निघालं, तर माहीत असून मी त्या बाईला पुस्तकातून पुसलं. आणि नाही निघालं... तर मग पाळणा कसा निघाला, खळगे कसे निघाले?  काम अजून सुरू झालेलं नाही. एसटी त्या रस्त्यानं जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते.