फोन थरथरला, पण म्हणाला काय?

आमच्या ऑफिसात कामं एकवेळ संपतील, किस्से संपत नाहीत. एक सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो!

उस्मानपुऱ्यात आमची छोटी टीम आहे. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशांसाठी आम्ही ॲप बनवतोय. फोन हातात धरायचा आणि व्हायब्रेशनवरून निरोप ओळखायचा. एक लांब थरथर म्हणजे 'हो', दोन छोट्या म्हणजे 'नाही', तीन छोट्या म्हणजे 'जेवायला या'. लई सोपं! असं आम्हाला वाटलं.

*

आमचा प्रोग्रामर संतोष कन्नड तालुक्यातला. टेस्टिंगसाठी फोन मुठीत धरून तो गावाकडून एसटीत बसला. थोड्या वेळानं त्याचा कॉल.

"सारखं जेवायला काय बोलावतो रे?"

"मी कुठं काय पाठवलं?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "थांब, गाडी स्टॉपवर उभी राहिली... आता नाय बोलवत!"

*

एकदा पाहुणे ॲप बघायला आले. ते तयार नव्हतं. संतोषनं टेबलाखालून आमच्या टीमच्या सरांना 'नाही' पाठवलं. सरांना कळलं नसेल म्हणून पुन्हा पाठवलं.

सर पाहुण्यांसमोरच म्हणाले, "संतोष, दोनदा नाही म्हणजे हो का रे?"

*

शेवटी फोन दिला छावणीतल्या यूसुफचाचांना. म्हातारपणी आधी कान गेले, मग डोळे. बोलता येतं, पण समोरचा काय म्हणतोय ते कळत नाही. चाची तळहातावर बोटानं अक्षरं काढायच्या, तेवढाच संवाद.

दुसऱ्याच दिवशी चाचींचा फोन. "बेटा, ये सुबह से हाथ धो धो के खाने को बैठ रै!"

मोबाइल कंपनीचे जाहिरातीचे मेसेज येत होते. प्रत्येक मेसेजला फोन तीनदा थरथरायचा आणि चाचा दस्तरखानावर हजर! ताट काही येईना. बायको चेष्टा करतेय असं वाटून ते इतके दुखावले, की फोन कपाटात टाकून दिला. तळहातही पुढं करेनात.

*

आम्ही धावत गेलो. जाहिराती बंद केल्या. चाचींनी हातापाया पडून चाचांच्या मुठीत फोन दिला. चाचांनी आमचे हात चाचपून आम्ही आलोय एवढी खात्री केली आणि तोंड फिरवून बसले.

चाची स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून आपल्या फोनवर बोट दाबत-सोडत काहीतरी पाठवलं. छोटी थरथर, मग लांब, मग नुसतीच बारीक बारीक. संतोष माझ्याकडं बघायला लागला. आमच्या ॲपात असलं काही नव्हतंच!

चाचांनी फोन दोन्ही हातांत धरला. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडले,

"अगे, लोगां बैठे हैं ना!"