हुरमतबीचा पारा

किराडपुऱ्यातल्या एका गल्लीत फकिरा पिंजाऱ्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. फकिरा कापूस पिंजायचा आणि त्याची बायको हुरमतबी गाद्या शिवायची. आमच्या गारखेड्याच्या घरात आम्ही भावंडं ज्या गाद्यांवर लोळलो त्या सगळ्या तिच्या हातच्या. पुढं मी शाळेत मास्तरीण झाले, तरी उन्हाळ्यात गाद्या उसवून नव्यानं भरायच्या म्हटलं की तिच्याकडंच जायचे आणि दिवसभर तिथंच रमायचे. मी तिला मावशी म्हणायचे. ही गोष्ट तिनंच मला टाके घालता घालता सांगितली. सांगताना ती मधूनमधून हसत होती, पण घडत होतं तेव्हा तिच्या जिवाचं पाणी झालं होतं.

सत्त्याऐंशी सालचा रमजान ऐन वैशाखात आला. चांद दिसायला थोडे दिवस राहिले असताना हुरमतबीच्या कंबरेत अशी कळ उठली, की ती सुई हातात घेऊनच कापसात आडवी झाली. फकिरानं आणि मुलानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहायचं. या उन्हात रोजे अजिबात धरायचे नाहीत."

हुरमतबीनं मान डोलावली. घरी आल्यावर मात्र तोंडाला पदर लावून रडली. फकिराला कळेना. तो मशिदीत जाऊन हाफीजसाहेबांना विचारून आला. "अगं, आजाऱ्याला माफी असती. बरी झाली की थंडीत धरायचे ते रोजे. हाफीजसाहेब स्वतः म्हणाले. रडायला काय झालं?"

"तुमाला नाय कळायचं," ती म्हणाली.

त्याला कळणार तरी कसं? तिनं ती गोष्ट त्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

हुरमतबी मूळची पाचोडच्या पलीकडच्या एका खेड्यातली. गावात पिंजाऱ्यांचं त्यांचं एकच घर. बोलणं सगळं मराठी. एक मुल्लाजी यायचे आणि मुलांना कायद्यातली, म्हणजे अरबीच्या पहिल्या पुस्तकातली, अक्षरं शिकवायचे. अक्षरं नीट बसतात न बसतात तोच अठ्ठेचाळीस सालची पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि गावोगाव दंगली पेटल्या. तिचे वडील कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर टाकून शेजारच्या गावाला कामाला गेले होते, ते परत आलेच नाहीत. मुल्लाजीही कुठं गेले कोणाला ठाऊक. शेजारच्या सरूबाईनं मायलेकींना आपल्या गोठ्यात लपवलं, स्वतः भाकरी नेऊन दिली आणि वाट मोकळी झाल्यावर नवऱ्याला बैलगाडी जुंपायला लावून शहरात पोचवलं. शहरात आल्यावर आई लोकांच्या गाद्या शिवायला लागली आणि तिच्याबरोबर हुरमतबीही. शिकणं तिथंच राहिलं. नमाजपुरत्या सुरा, म्हणजे कुराणातले अध्याय, आईच्या तोंडून ऐकून पाठ झाल्या, तेवढंच.

लग्न होऊन ती किराडपुऱ्यात आली. गल्लीत अफसरी आपांचा मोठा दबदबा. मुलींच्या उर्दू शाळेत शिकवायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि बघितलं की समोरचा गप्प व्हायचा. रमजानच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या अंगणात बायका जमायच्या. कुराणाचे तीस भाग, त्यांना पारे म्हणतात. प्रत्येकीनं एकेक पारा पढायचा, सगळ्यांनी मिळून कुराण पुरं करायचं आणि मग गल्लीतल्या गेलेल्या माणसांसाठी दुआ मागायची. हुरमतबी पहिल्यांदा गेली तेव्हा कोणीतरी तिच्याही हातात पारा ठेवला. ती नवी सून. तिचं मराठी वळणाचं बोलणं ऐकून बायका आधीच हसल्या होत्या. आता 'मला वाचता येत नाही' म्हणायला तिची जीभ उचलेना. तिनं पारा उघडला, ओठ हलवले आणि शेजारणीनं पान उलटलं की आपलंही उलटलं.

पहिल्या वर्षी झालं ते दुसऱ्या वर्षी झालं, आणि मग दर वर्षी. सांगायची वेळ निघून गेली असं तिला वाटायला लागलं. लाजेपेक्षा वाईट एक होतं. सगळ्यांचं कुराण पुरं झालं असं म्हणून आपा हात वर करायच्या, आणि हुरमतबीला वाटायचं, पुरं कुठं झालंय? माझा पारा तर तसाच राहिला. एका वर्षी आपांचा नवरा गेला होता, त्यांच्या नावाची दुआ चालली असताना ती घामानं भिजून गेली. त्याची भरपाई म्हणून ती जास्तीची नमाज पढायची आणि रोजे तर असे धरायची की ताप आला तरी सोडायची नाही. रोजा हीच तिची एक खरी, पुरी गोष्ट. आता तीही हातची गेली होती.

रमजान लागला. घरातली सगळी रोज्यानं, आणि ती मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पाणी प्यायची. सून रफत जालन्याची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिनं दोन-तीन दिवस पाहिलं आणि मग स्वतःच तांब्या-भांडं सासूच्या शेजारी आणून ठेवलं.

"अम्मी, चोरून काय पिताय? दवा आहे ती."

रफतचा आवाज गोड होता. दुपारी घरातली कामं आटोपली की ती कुराण पढायची आणि फकिरा धुनकी थांबवून ऐकत बसायचा. आठवडा झाला असेल. एका दुपारी ती पढता पढता थांबली आणि हुरमतबीजवळ येऊन बसली.

"अम्मी, एक मागू?"

"माग की."

"माझी आई गेली त्याला या महिन्यात वर्ष होईल. तिच्यासाठी कुराण पुरं करतेय. त्यातला एक पारा तुम्ही पढाल? तुमच्या तोंडून झालं तर मला लई बरं वाटंल."

हुरमतबीनं हातपाय-तोंड धुऊन वुजू केला, पारा हातात घेतला, उघडला. समोर तीच काळी अक्षरं. नेहमीसारखे ओठ हलवायचे, पान उलटायचं, एवढंच करायचं होतं. पोरगी समोर बसली होती, डोळ्यांत पाणी आणून. हुरमतबीनं पारा हळूच मिटला.

"मला येत नाय, बाई."

"काय येत नाही?"

"पढायला. कधीच आलं नाय. आपांच्या घरी मी नुसती पानं उलटते. आजवर दर साली तेच केलं. तुझ्या आईशी तसं नाय करवत मला."

हुरमतबीला वाटलं, आता ही उठेल, नवऱ्याला सांगेल, माहेरी सांगेल. रफत उठलीच. आतून एक कायदा घेऊन आली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"मुल्लाजींनी शिकवलं होतं त्यातलं काय आठवतं?"

"अलिफ, बे, ते..." हुरमतबी बोलायला लागली आणि बोलतच गेली. दालपर्यंत गाडी नीट आली, मग अडली.

"एवढं आठवतंय की! इथनंच सुरू करू."

"या वयात? अगं, जीभ वळत नाय माझी."

"न वळू दे. जो अडखळत, कष्टानं पढतो त्याला दुप्पट सवाब आहे, दुप्पट पुण्य. हदीसमध्येच आहे, पैगंबरांनी सांगितलंय, मी नाही सांगत." मग ती हसली. "आम्हाला एकपटच, अम्मी. तुम्ही आमच्या पुढं जाणार."

हे सांगताना हुरमतबी मला म्हणाली, "तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की खडा पडला की काय असं वाटलं." खडा पडायला अजून वेळ होता.

त्या दिवसापासून रोज दुपारी सासू-सुनेची शाळा भरायला लागली. फकिराला सांगावंच लागलं. त्यानं आ वासला, मग म्हणाला, "मलाबी कुठं धड येतं? मी आपला लवकर लवकर म्हणतो म्हणून कुणाला कळत नाय." हुरमतबीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. ती एक एक अक्षर बोटानं धरायची, पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा धरायची. अक्षरं जोडली की शब्द कसा होतो हे कळायला तिला फार दिवस लागले नाहीत, कारण अर्धे शब्द तिच्या कानाला आधीच ओळखीचे होते. एका दुपारी रफतनं शेवटच्या पाऱ्यातलं एक पान उघडून दिलं आणि म्हणाली, "लावा." हुरमतबीनं काफ या अक्षराला लाम जोडला, पुढचं जोडलं आणि एकदम थांबली. "हे तर 'कुल हुवल्लाह' हाय!" लहानपणापासून नमाजमध्ये म्हणत आलेली सुरा कागदावर अशी दिसते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिनं ती पुन्हा पुन्हा वाचली. गावातलं माणूस भर बाजारात अवचित भेटावं तसं झालं, असं ती म्हणाली.

आता राहिल्या आपा. त्यांच्या अंगणात जायचा दिवस आला तशी हुरमतबी घरातल्या घरात फेऱ्या घालायला लागली. रफत म्हणाली, "नका जाऊ, तब्येतीचं कारण आहेच." पण तिला आता कारण नको होतं.

अंगणात चादर अंथरलेली, मध्ये पाऱ्यांची चवड. आपांनी नेहमीप्रमाणे एक पारा तिच्या पुढं केला. हुरमतबीनं हात मागं घेतला.

"आपा, मला पढायला येत नाय. आजपर्यंत मी तुमच्यात खोटंच बसले. तुमची सगळी कुराणं माझ्यापायी अधुरी राहिली. मला माफ करा."

आपांनी चष्मा काढला. "इत्ते साल?" एवढंच म्हणाल्या.

"व्हय."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. गल्लीतली सगळ्यात म्हातारी, गुलशनबी. तिनं आपला पारा चादरीवर ठेवला. "मेरेकू भी नै आता, मां. नजर कम हुई बोलके बोलती थी, पन पैलेसेच नै आता." तिच्या शेजारी बसलेल्या एकीनं मान खाली घातली आणि आपला पारा तिच्या पाऱ्यावर ठेवला. मग दाराशी बसलेल्या दुसरीनं.

आपा त्या पाऱ्यांकडं बघत राहिल्या. "अरे, मग पढत कोण होतं इथं?" त्यांनी हे इतक्या कळकळीनं विचारलं की रफतला हसू आवरेना, आणि मग सगळं अंगण हसायला लागलं. आपासुद्धा. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर लेकरांना शिकवलं आणि माझ्याच अंगणात हे!"

तरी हुरमतबीच्या मनातला सल राहिलाच होता. तिनं आपांना विचारलं, आधीच्या दुआंचं काय? आपांनी त्याच संध्याकाळी मशिदीत निरोप पाठवला. हाफीजसाहेबांचं उत्तर इफ्तारच्या आधी आलं. जेवढं पढलं तेवढं पोचलं. जी पढली नाही ती रोज्यानं, लाजत, भीत बसून राहिली, तिचं मन अल्लानं पाहिलं. त्याचं ओझं आता कोणी वाहू नये.

हुरमतबीनं निरोप ऐकला आणि म्हणाली, "पुन्हा सांगा." निरोप आणणाऱ्या बाईनं पुन्हा सांगितला.

राहिलेले पारे त्या वर्षी पढता येणाऱ्या बायकांनी आपसात वाटून घेतले. ज्यांना येत नव्हतं त्या रिकाम्या बसल्या नाहीत. आपांनी त्यांना पाठ असलेली सुरा पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, मोठ्यानं, चुकली तर थांबवून. रफतच्या आईच्या नावानं हुरमतबीनं ती छोटी सुरा बघून वाचली. अडखळली, पण स्वतः वाचली. दुआला हात वर केले तेव्हा तिला घाम आला नाही.

ईद झाल्यावर आपांनी दर शुक्रवारी दुपारी अंगणात बायकांचा वर्ग सुरू केला. गुलशनबीला खरंच धड दिसत नव्हतं, ती ऐकून पाठ करायची आणि इतरांच्या चुका काढायची. पावसाळ्यात कधीतरी हुरमतबीचा खडा पडला. थंडीत तिनं राहिलेले रोजे धरले. दिवस लहान होते, त्रास झाला नाही. कुराण बघून पुरं करायला तिला पुढची काही वर्षं लागली. पुरं झालं त्या दिवशी मी योगायोगानं गादी भरायला द्यायला गेले होते. दुकान बंद होतं. मागून घरात गेले तर फकिरा शिरखुर्मा ढवळत होता आणि हुरमतबी सुनेला म्हणत होती, "आता पहिल्यापासून पुन्यांदा घेऊ."